काम कोणी केलं?

४ मार्च

"ही आमची गॅसवाली." — आज दादाने गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली ती अशी. एकवीस वर्षं ह्या गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करतेय, बाबा होते तेव्हापासून, आणि माझा सख्खा भाऊ मला गॅसवाली म्हणतो. जशी काही मी सिलिंडर घेऊन दारोदार फिरते.

गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात कोरतात आणि रविवारी जुन्या धावपट्टीवर गाडी पळवतात, सरळ रेषेत, घड्याळ लावून. इंजिनावर सुपरचार्जर बसवून घेतलाय — पट्ट्यावर फिरणारा पंप, इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. तक्रार एकच. "पहिली फेरी वाघ, दुसरी फेरी शेळी."

दादा म्हणाला प्लग बघू, पेट्रोल बघू. मी म्हटलं, हवा तापतेय. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, तसंच. त्यात रांगेत उन्हात उभं राहायचं. तापलेली हवा विरळ होते, मग इंजिनाला ती पुरणार कशी?

"तू तुझा गॅस बघ," दादा म्हणाला.

म्हणून ही वही. आजपासून. कोण काय म्हणालं, कोणी काय केलं, सगळं तारीखवार लिहून ठेवणार. उद्या कोणी शब्द फिरवला तर पुरावा असावा.

७ मार्च

भांडी घासताना सुचलं. डॉक्टरांच्या गाडीत ती दाबलेली हवा इंजिनात शिरण्याआधी पाणी खेळवलेल्या जाळीतून जाते. जाळी आधीपासूनच आहे. पण पाणीच कढत झालं तर जाळी बिचारी काय करणार? आणि त्याच गाडीत हातभर अंतरावर बर्फासारखा गार गॅस फिरतोय — कशासाठी, तर डॉक्टरांच्या तोंडावर वारा यायला!

तो गॅस पाण्याकडे वळवायचा. मध्ये एक छोटी पेटी, एका बाजूने गॅस, दुसऱ्या बाजूने पाणी. गार झालेलं पाणी गारवा धरून ठेवणाऱ्या, जाड कोटाच्या टाकीत साठवायचं. एवढंच. हात पुसून कागदावर काढून ठेवलं.

८ मार्च

दादाला सांगितलं. हसला. मनापासून हसला असता तरी चाललं असतं, पण हा वहिनीकडे बघून हसला.

"एसी चालवणार कोण? इंजिनच ना? मग इंजिनाची ताकद खाऊन इंजिनालाच थंड करणार? ह्या खिशातलं त्या खिशात."

सांगितलं त्याला, शर्यतीच्या वेळी एसी चालवायचाच नाही. रांगेत उभं असताना इंजिन नुसतंच घुरघुरत असतं, त्याला काम ते काय? तेव्हा पाणी गार करून टाकी भरून ठेवायची. निघताना पाय पूर्ण दाबला की एका स्विचने एसीचा कॉम्प्रेसर सुटा होईल. फेरी बारा-तेरा सेकंदांची. साठवलेलं गार पाणी तेवढ्याला पुरून उरेल. आवळा देऊन कोहळा काढायचा आहे, दादा.

"आवळा गेला आणि कोहळाही नाही, असं व्हायचं," म्हणाला, आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. बोलणं संपवायची त्याची ही जुनी पद्धत. गाडीखालच्या माणसाशी कोण वाद घालणार?

११ मार्च

डॉक्टरांनाच फोन केला. दादाला न विचारता. डॉक्टर म्हणाले, "करून बघा ताई. पण मग आत मला गार वारा?"

"खिडकी उघडा," मी म्हटलं.

दादा दिवसभर माझ्या बाकाकडे फिरकला नाही. चालेल. मला काम करायला शांतताच हवी होती.

१९ मार्च

पेटी बसली. टाकी बसली. गॅसचे दोन जोड, पाण्याचे दोन. माझ्या बाकावर रबरी रिंगांचे दोन डबे असतात, हिरव्या रिंगा गॅसच्या जोडाला, काळ्या पाण्याच्या. माप दोन्हींचं एकच, म्हणूनच रंग लक्षात ठेवायचा. काळी रिंग गॅसच्या तेलात फुगते, मऊ पडते आणि चार दिवसांनी नेमकी नको तेव्हा दगा देते. दादाला हे एकवीस वर्षांत शंभरदा सांगितलं असेल. आजही त्याने डब्यांची झाकणं उलटसुलट लावून ठेवली होती. "रिंग ती रिंग," म्हणे! मी चांगलंच सुनावलं. ज्याला दोन रंग कळत नाहीत त्याने माझ्या बाकाला हात लावू नये.

२४ मार्च

गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली. मी थर्मामीटर घेऊन डॉक्टरांच्या शेजारी. घामाने दोघंही भिजलेलो, कारण एसीचा सगळा गारवा पाण्याला चाललेला.

आधी ह्याच गाडीत इंजिनात शिरणारी हवा एकोणसत्तर अंशांवर जायची. आज अठरा. पाच वेळा पळवली, पाचव्यांदाही बावीसच्या वर गेली नाही.

डॉक्टर नुसते दात दाखवत राहिले, त्यांचे स्वतःचे. मला रडूच यायला लागलं, मग रुमालाने घाम पुसायचं निमित्त केलं. बाबा हवे होते.

३० मार्च

आजचं शब्दन् शब्द लिहिते.

शर्यतीच्या क्लबचे सेक्रेटरी आले होते. डॉक्टरांच्या गाडीतल्या टाकीबद्दल त्यांच्या पत्रकात छापायचंय म्हणाले. मी आत कॉम्प्रेसर खोलून बसले होते, हात तेलाने बरबटलेले. धुऊन बाहेर येईपर्यंत दादा बॉनेटवर हात टेकून उभा! टाकी कशी, पेटी कशी, सगळं सांगतोय. शब्दसुद्धा माझेच. "आवळा देऊन कोहळा काढायचा, साहेब." माझ्याच तोंडचा कोहळा!

सेक्रेटरींनी विचारलं, ही कल्पना कोणाची? काम कोणी केलं?

दादा म्हणाला, "सगळं काम माझं."

मी दारात उभी. त्याने मला पाहिलं. पाहूनही पुढे बोलत राहिला.

५ एप्रिल

पत्रक आलं. पानभर फोटो. दादा, बॉनेट, टाकी. उजव्या कडेला कोणाचं तरी कोपर दिसतं. ते माझं.

६ एप्रिल

आज जॉबकार्ड पाहिलं. प्रत्येक गाडीचं कार्ड काउंटरच्या मागे खिळ्याला लटकवलेलं असतं, शेवटचा रकाना "काम कोणी केलं". वहिनी कार्डं लिहिते. डॉक्टरांच्या कार्डावर त्या रकान्यात दादाचं नाव.

"हे कोणी लिहायला सांगितलं?"

"वन्सं, मला काय, हे सांगतात ते मी लिहिते," वहिनी म्हणाली. "नावाने काय होतंय? घरातलंच तर आहे सगळं."

घरातलंच! दही घरातलं, लोणी घरातलं, फक्त घुसळणारी बाहेरची.

एकवीस वर्षांत मी त्या रकान्याकडे कधी बघितलं नव्हतं. गॅस भरला, एसी चालू झाला, गाडी गेली. कार्ड कोणाच्या का नावावर असेना. पण ही टाकी माझ्या डोक्यातून निघालीय. त्या रकान्यात मला माझं नाव हवंय. दुसरं काही नको, फोटोही नको. रकाना हवाय.

७ एप्रिल

दादाला सांगितलं. म्हणाला, "गॅरेज माझ्या नावाने चालतं. लोक मला ओळखतात. तुझं नाव लिहिलं तर विचारतील, ह्या कोण?"

मग सांग ना त्यांना, ह्या कोण!

१२ एप्रिल

सेक्रेटरींचा फोन. आणखी चार जणांना अशीच टाकी हवी आहे. वीस तारखेच्या शर्यतीत डॉक्टरांची गाडी बघून ठरवतील. फोन दादाला. अर्थात.

१६ एप्रिल

दादाला आज अचानक सुचलं की पेटी चार बोटं खाली घ्यावी, तिथे वारा जास्त लागतो. शर्यतीला चार दिवस राहिले असताना! मी म्हटलं, चालतंय त्याला हात लावू नये. ऐकेल तर शपथ. पेटीचा पत्रा कापून मोकळा झाला. मग चारही जोड उघडणं आलं, गॅसचे दोन, पाण्याचे दोन, आणि ते करायला गॅसवाली.

मी बाकावर सगळ्या रिंगा काढून ठेवल्या आणि तिथेच आमचं जुंपलं. मी म्हटलं, कार्डावर नाव लिही, नाहीतर जोड तूच लाव. तो म्हणाला, बाबांनी गॅरेज माझ्या हाती दिलं. मी म्हटलं, बाबांनी तुला गॅरेज दिलं आणि मला काम शिकवलं. वहिनी काउंटरवरून ओरडली, "दोघांची वयं काय, बोलता काय!"

बोलता बोलताच सगळे जोड आवळले. पाना फिरवतेय आणि तोंडही चाललंय. शेवटचा आवळला तेव्हा हात रागाने गरम झाले होते. मग पंप लावून पाइपांतली हवा ओढली, काटा तासभर जागचा हलला नाही. गॅस भरला. माझं काम चोख आहे, कोणी मान्य करो न करो.

नाव लिहिलं नाही ते नाहीच.

२० एप्रिल

आज शर्यत होती. सगळं जसं झालं तसं लिहिते.

पहिली फेरी — डॉक्टरांची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. दुसरी तिच्यापेक्षा चांगली! शेळीचा पत्ताच नाही. सेक्रेटरींच्या शेजारी ते चार जण उभे, माना डोलावताहेत. दादा त्यांच्या मधोमध. मी टाकीजवळ, कारण काटा बघायला कोणीतरी हवं.

तिसरी फेरी शेवटची. रांगेत अकरा गाड्या पुढे. टाकीतलं पाणी सहा अंश. मग नऊ. मग पंधरा. चालू एसीत पाणी तापतंय! मी हात केला, दादा धावत आला. तोवर चोवीस. पेटीच्या खाली तेलाचा ओघळ. गॅस निघून गेला होता, सगळा.

डॉक्टर पळाले, पण पुन्हा शेळी. दोन गाड्या पुढे गेल्या.

परत आल्यावर मी पाना घ्यायला वळले, तर दादाने तो आधीच उचललेला. म्हणाला, "सरक." गॅसचा खालचा जोड उघडला, माझ्याकडे पाठ करून. आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फडक्याने पुसलं आणि परत आवळला.

सेक्रेटरी आले. मागे ते चौघं. "काय झालं? हा जोड कोणी लावला?"

"मीच," दादा म्हणाला. "सगळं काम माझं. चूकही माझी."

म्हणजे आता चूकसुद्धा ह्याचीच! कौतुक ह्याचं, फोटो ह्याचा, आणि बिघाडातही मला वाटा नाही. पेटी हलवली ह्याने, पत्रा कापला ह्याने, त्यातच पाइपला धक्का लागला असणार. नक्कीच. पण ते सांगताना तरी म्हणायचं होतंस, टाकी बहिणीची होती आणि मी बिघडवली. तेवढंही नाही. मी तिथे उभी आहे हेच कोणाला माहीत नाही.

सेक्रेटरी "बघू पुढे" म्हणाले. चौघं निघून गेले. डॉक्टर गाडी गॅरेजात सोडून रिक्षाने घरी गेले, निरोपही न घेता. दादा त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेला, काहीतरी बोलत, मान खाली घालून. त्याला कोणापुढे मान खाली घातलेलं मी पाहिलेलं नाही. बरं झालं, म्हणावंसं वाटलं. वाटलं ते लिहिते.

२१ एप्रिल

डॉक्टरांची गाडी उघडायला गेले तर दादा आडवा आला. "तू हात लावू नकोस. मी बघतो."

एसी माझा, टाकी माझी, आणि मी हात लावायचा नाही! कालपर्यंत एकवीस वर्षांत ह्याने गॅसचा एक जोड स्वतः उघडला नव्हता, आणि आता "मी बघतो"! काय लपवायचंय, तो धक्का?

वहिनी म्हणाली, "सोडा ना वन्सं. हे कालपासून नीट जेवलेले नाहीत."

न जेवू देत. उद्या सकाळी तो पार्ट आणायला बाजारात जाईल, तेव्हा मी उघडणार. पाइपवरच्या धक्क्याची खूण ह्या वहीत काढून ठेवणार, मापासकट.

२२ एप्रिल

पाइपला धक्का नाही. ओरखडाही नाही.

गॅसच्या खालच्या जोडात काळी रिंग आहे. फुगलेली, मऊ. तिच्या जागची हिरवी पाण्याच्या जोडात सापडली.

सोळा तारखेचं पान काढून वाचलं. दोनदा वाचलं. माझंच अक्षर आहे.

दादाला मैदानावरच दिसली होती. त्याला रंग कळतात.

फोटोचा राग आहे तसाच आहे. तो वेगळा.

हिरवी रिंग बसवली. मग खिळ्यावरून डॉक्टरांचं कार्ड काढलं, शेवटच्या रकान्यातलं दादाचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं — पूर्ण, बाबांच्या नावासकट. खाली लिहिलं, गॅसच्या जोडाला चुकीची रिंग. वहिनी बघत होती. म्हणाली, "हे विचारतील."

म्हटलं, विचारू दे.