अरिष्टभाई आणि अठरा हजार बादल्या

३ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. जेवणाच्या सुट्टीत गेटवर युनियनच्या पुढाऱ्याचं भाषण. पन्नास मिनिटं! दर दुसऱ्या वाक्याला 'भांडवलशाहीचं अरिष्ट'. मी त्यांचं नाव अरिष्टभाई ठेवलंय. अजून कुणी उचललेलं नाही. आठवड्याभरात सगळी फॅक्टरी उचलेल.
म्हणे भांडवलशाही शेवटचे आचके देतेय. म्हणे हे वर्ष ती काढत नाही. मग म्हणे पगारवाढीसाठी मार्चपासून संप. मामा पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होते. बावीस वर्षं प्लास्टिकच्या बादल्यांच्या मोल्डिंग मशीनवर काढलेले हात. फळीवर फळी आपटावी तसा आवाज.
माझा चहा राहिला तो राहिलाच.
संकल्प : या माणसाचं पितळ उघडं पाडायचं. महिन्याच्या आत.

५ फेब्रुवारी
मामांच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी. तिच्यात अरिष्टभाईंच्या भाषणांची झाडून सगळी पत्रकं, तारखेसकट. घबाड! सोळा वर्षांपूर्वीचं पहिलंच पत्रक : 'येणारा उन्हाळा भांडवलशाही पाहणार नाही.' त्या उन्हाळ्यात मालकाने दुसरी गाडी घेतली.
मामांना दाखवलं. मामा म्हणाले, कुठला उन्हाळा ते कुठे लिहिलंय?
यांच्याशी काय बोलणार.

८ फेब्रुवारी
आता खरी गोष्ट. मी गोडाऊनला आहे, रचाईवर, एकटाच. (तात्पुरता. याआधी कुरियर, फोटो स्टुडिओ, एक लॉन्ड्री. माझा पिंड वेगळाच आहे, पण मामांनी चिकटवलं.) बादलीत बादली, पन्नासाचा एक मनोरा. आज मनोरे मोजले. अठरा हजार बादल्या! अंघोळीचे मग वेगळेच. दोन महिन्यांत मोजून तीन ट्रक गेलेत. कुणी घेतच नाही. मागची शेडही भरली. परवापासून जिन्याखाली रचतोय.
मोल्डिंगवाल्यांना याचा पत्ताच नाही. त्यांचं गेट पुढे, आमचं मागे. त्यांना वाटतं, आपण काढतो तो माल संध्याकाळी बाजारात जातो.
घरी मामीला सांगितलं. ती मशीनवर परकराला नेफा घालत होती. पाय थांबवून म्हणाली, मग संप झाला तर मालकाला लॉटरीच की रे! पगार वाचला, आणि बसल्या जागी जुना माल विकेल. हे तू आत्ताच्या आत्ता मामांना सांग.
मी म्हटलं, सत्तावीसला संपासाठी हात वर करायला लावतील, तेव्हा भर मीटिंगमध्ये फोडणार आहे. बॉम्ब.
म्हणाली, बॉम्ब नको, नुसतं सांग.

९ फेब्रुवारी
मामीच्या पोटात राहिलं नाही. मामांना सांगून मोकळी. मामा म्हणाले, हा गेल्या महिन्यात म्हणत होता बॉयलर फुटणार. आपल्याकडे बॉयलर आहे का? आणि घरात बोललेलं मी धरत नाही. खरं असेल तर मीटिंगमध्ये उभं राहून बोल म्हणावं, मी पहिला हात खाली ठेवीन.
मोल्डिंगवाल्यांची ही जुनी रीत. चहाच्या टपरीवर काहीही बोला, ते हवेतलं. उभं राहून बोललं की ते धरायचं, आणि नंतर फिरवायचं नाही.
ठीक. बोलतो उभं राहून. मामांसकट साठ माणसं हात खाली ठेवतील. माझ्यामुळे!

१३ फेब्रुवारी
तयारी जोरात. लाल पेन, निळं पेन, आखीव वही आणली. पत्रकांतून आतापर्यंत अकरा भाकितं सापडली. 'वर्षाअखेर.' 'फार तर अठरा महिने.' 'माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नाआधी.' तिला आता दोन मुलं आहेत!
प्रत्येक वेळी मान डोलावणारी तीच माणसं. चीड येते, चीड. एकानेही परत जाऊन तारीख तपासू नये?

१६ फेब्रुवारी
मुद्दा भक्कम करायला वाचनालयात गेलो. अर्थशास्त्राच्या कपाटाला कुलूप, किल्लीवाला जेवायला गेलेला. शेजारच्या कपाटात समुद्री प्राण्यांवरचं पुस्तक होतं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. तीन!
तीन दिवस त्यातच गेले. पण फुकट नाही. भाषणात कुठेतरी घालता येईल.

२० फेब्रुवारी
नुसता संताप. शेवटी अर्थशास्त्राची एक पातळ पुस्तिका मिळाली. गोडाऊनमध्ये पालथ्या बादलीवर बसून वाचली. पान नऊ : 'अतिउत्पादनाचे अरिष्ट. माल वाढत जातो, घेणारा उरत नाही, कोठारे भरून वाहतात.'
मान वर केली. छतापर्यंत बादल्या.
म्हणजे मी उभा राहून गोडाऊन भरलंय म्हणालो, की अरिष्टभाई लगेच बोट वर करणार : 'ऐका, हा पोरगा काय म्हणतोय! हेच ते अरिष्ट!' सोळा वर्षांत एकदा त्यांचं खरं निघणार आणि पुरावा मी नेऊन देणार? माझ्या हाताने? मुळीच नाही.
गोडाऊनचा मुद्दा कापला. लाल पेनाने. भाषण आता जास्त बांधेसूद झालंय.

२१ फेब्रुवारी
मामीला नवीन भाषण वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, बादल्या कुठायत? मी तात्त्विक अडचण समजावून सांगितली. ती म्हणाली, त्या माणसाचं खरं ठरलं तर ठरू दे की मेलं, तुझ्या मामांची नोकरी राहील. मी म्हटलं, मामी, प्रश्न वैचारिक आहे. ती म्हणाली, प्रश्न तुझ्या टाळक्याचा आहे.
बायकांना लांबचं दिसत नाही.
तरी तिच्या समाधानासाठी ठरवलं : शेवटची वीस सेकंदं उरली तर बादल्या. नक्की.

२७ फेब्रुवारी, सकाळ
आज मीटिंग. आरशासमोर चार वेळा म्हटलं. एक मिनिट चाळीस सेकंद. बरोब्बर वीस उरतात. प्रत्येकाला दोन मिनिटं. वेळ संपली की म्हातारा इलेक्ट्रिशियन पाण्याच्या पाइपवर पाना हाणतो, मग बोलणारा कुणीही असो.
अरिष्टभाईंना मात्र पाना लागू नाही. याचाही समाचार घेईन.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ
झालं ते सविस्तर लिहितो, कारण पुढे लोक उलटसुलट सांगतील.
अरिष्टभाई पाऊण तास बोलले. मग मी. अकरा भाकितं, तारीखवार. तिसऱ्याला लोक हसले. पाचव्याला शिट्टी. धाकट्या मुलीच्या लग्नाला तर सगळी मागची रांग लोळली. साठ माणसं माझ्या शब्दावर हसतायत! त्या भरात ऑक्टोपसही घेतला. (भांडवलशाहीला तीन हृदयं आहेत, एक बंद पडलं तर दोन चालतात. हे जागेवर सुचलं.)
मामा हसत नव्हते. हनुवटी वर करून माझ्याकडे बघत होते. एकटक. मला कळत होतं ते कशाची वाट बघतायत.
वीस सेकंदं होती. खरंच होती. पण तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, बारावं सांग, बारावं! बारावं माझ्याकडे नव्हतं. मी तिथल्या तिथे रचून सांगितलं. प्रचंड हशा.
ठण्ण.
अरिष्टभाई माझ्याहून मोठ्याने हसत होते. माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, या पोराने माझी भाषणं माझ्यापेक्षा जास्त वाचलीयत. डॉक्टरची तारीख चुकते दोस्तांनो, रोग चुकत नाही. संपाला हात वर करा!
सगळे वर. मामांनी अजून क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचाही.
माझाही गेला. केस नीट करायला.

२८ फेब्रुवारी
डॉक्टरवाल्या मुद्द्याला जबरदस्त उत्तर सुचलं. दात घासताना. आता काय उपयोग!
मामा चहा पिताना म्हणाले, बादल्यांचं काही नव्हतंच म्हणजे. असतं तर बोलला असतास. मी म्हटलं, वेळ कमी पडला. ते म्हणाले, ऑक्टोपसला पुरला.
मामी माझ्याशी बोलत नाही. नेफा घालतेय.

११ मार्च
संपाचा अकरावा दिवस. मागच्या गेटमधून आठवड्याला दोन ट्रक. मालकाने भाव पाडलाय म्हणे. बाहेरची माणसं लावून माल भरतायत. मॅनेजर गच्चीवर उभा राहून पेरू खात होता. पेरू! इतक्या निवांतपणे माणूस संपात पेरू खातो?
मोल्डिंगवाले पुढच्या गेटवर घोषणा देतायत. मागे जाऊन एकानेही बघू नये? मेंढरं सगळी. मी उद्या सांगणार आहे.

१२ मार्च
सर्दी झाली.

१९ मार्च
सांगणार होतो. पण आता सांगितलं तर म्हणतील, तेव्हा का नाही बोललास. वातावरण अनुकूल नाही. योग्य क्षण येईल. फार तर आठ दिवस.

१४ एप्रिल
आज शेवटचा ट्रक गेला आणि आजच नोटीस लागली. अर्धं मोल्डिंग कायमचं बंद. सव्वीस नावं. मामांचं चौथं.
अरिष्टभाई गेटवर आले. स्टुलावर चढून म्हणाले, मी सांगत होतो अरिष्ट येणार, आलं की नाही? टाळ्या तुरळक. मला पुढे जाऊन त्यांची कॉलर धरायची होती. सव्वीस घरं बुडाली आणि हा माणूस भाकीत खरं झालं म्हणून खूश!
गेलो नाही. पुढे गर्दी होती.

१६ एप्रिल
मॅनेजरने बोलावलं. मला वाटलं हिशेब चुकता करणार. तर खुर्ची दिली. म्हणाला, त्या दिवशी पुढाऱ्याची चांगली उतरवलीस म्हणे, आमच्यापर्यंत आलं. गोडाऊनला माणूस हवाय, कायम. सोमवारपासून ये.
नाही म्हणणार होतो. तत्त्व म्हणून. विचार करून सांगतो म्हणालो. तो म्हणाला, आठ वाजता ये. मी म्हटलं, बरं.
घरी मामीला सांगितलं. तिने मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, डबा किती वाजता लागेल?

१९ एप्रिल, रविवार
मामा दुपारभर खाटेवर बसून हाताचे घट्टे ब्लेडने तासत होते. आता लागायचे नाहीत म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, गोडाऊन खरंच भरलं होतं का रे?
मामी आत मशीनवर होती. मशीन थांबलं.
मी म्हटलं, अर्धं.
मामा म्हणाले, मग हात वर करून चुकलो नाही आपण.