न दुखलेला पाय

मंगळवार, संध्याकाळ

आज ध्यानाच्या वर्गात पहिल्यांदा मांडी घालून आरामात बसता आलं. इतके दिवस पायाला मुंग्या यायच्या, घोटे ठणकायचे. उशी घेतली, भिंतीला टेकले, काही जमेना. आज काहीच दुखलं नाही. शेजारच्या सुमनताई सारख्या चुळबुळत होत्या, आणि मी स्थिर! मनातून केवढी खूश होते.

उठले तर सुमनताई ओरडल्या, "अवं बाई, रगत! तुमच्या पायात काच घुसली, तुमाले समजलं नाई?"

तळव्यात काच. चटईवर एवढं रक्त. कधी शिरली? जठारपेठेतून चालत येताना? चप्पल तर होती. एवढी मोठी काच, आणि मला कळूच नये? शुगर आहे मला, म्हणजे ते न दुखणं... तो आराम नव्हताच तर.

घरी यांनी पट्टी बांधली. मग म्हणाले, "डोये मिट. मी पायाची बोटं दाबतो, कोणतं ते सांग."

मी डोळे मिटून वाट पाहिली. शेवटी म्हटलं, "दाबा नं आता."

हे हळूच म्हणाले, "कवाचा दाबून राहिलो."