मागच्या दारावर अजून बदली आलेली नाही

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
किल्ला देखभाल कार्यालय.

विषय : किल्ल्याची मागची बाजू बंद न करणे व चोरदरवाज्यावरील पहारा बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : आपण मुख्य दरवाज्यावर लावलेली सूचना – "मागील बाजूस पाहण्यासारखे काही नाही. प्रवेश बंद."

महोदय,

अर्जदार ही किल्ल्याच्या रखवालदारांची धाकटी मुलगी असून मागच्या बाजूच्या खोलीत राहते. म्हणजे जिथे पाहण्यासारखे काही नाही, तिथेच. राग नाही, फक्त निदर्शनास आणून देत आहे.

१. मागील महिन्यात व्यवस्थापन शाखेचे विद्यार्थी डावपेच शिकायला किल्ल्यावर आले होते. धंदा राखणे आणि किल्ला राखणे यांत फारसा फरक नाही, असे त्यांच्या सरांचे म्हणणे. सरांनी हल्ला करणारे आणि किल्ला राखणारे असे दोन पक्ष पाडले. राखणाऱ्यांत एक जण कमी पडला. मी भिंतीवर पाय हलवत बसले होते. त्यांची सेनापती (हसली की तिचा चष्मा नाकावर घसरतो) म्हणाली, "ए, येतेस का? चोरदरवाजा तुझा!" महोदय, माझी ताई वसतिगृहात राहायला गेल्यापासून मला "येतेस का" असे कोणी विचारलेले नव्हते.

२. नियम असा, की बदलीचा माणूस येऊन कानात परवलीचा शब्द सांगत नाही तोवर जागा सोडायची नाही. सेनापतीने मला शब्द सांगितला, "आजपासून तू किल्लेदार" म्हणाली आणि धूम पळाली. मी अडसर घालून दाराला पाठ लावून उभी राहिले.

३. पुढे मुख्य दरवाजा पडला. राखणारे शरण गेले, सर्वांनी मिळून चहा घेतला, सरांनी चुका समजावल्या आणि बस निघून गेली. हे सर्व मला नंतर बाबांकडून कळले. बसमध्ये माणसे मोजली तेव्हा आकडा बरोबर भरला, कारण त्या आकड्यात मी नव्हतेच. यात त्यांचा दोष नाही.

४. दिवेलागणीला बाबा शोधत आले. "अगं, ते गेले कधीच. चल घरी." मी विचारले, "परवलीचा शब्द?" बाबा म्हणाले, "जेवण." चूक. "उद्या शाळा." चूक. "आई ओरडतेय." तेही चूक. शेवटी बाबा माझ्या शेजारी पायरीवर टेकले आणि म्हणाले, "बरं, तू जेवून ये. तोवर मी बसतो." ही व्यवस्था तात्पुरती होती, याची कृपया नोंद घ्यावी. जागा आजही माझ्याच नावावर आहे आणि शाळा सुटली की मी तिथेच असते.

५. या घटनेपासून मी वर्गात हात वर करू लागले. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत "मी किल्ला राखला आहे" असे भाषणही ठोकले आणि चक्क निवडून आले! पण मधल्या सुट्टीत मुली म्हणतात, "किल्लेदारबाई, थापा पुरे. कोण होतं गं तुझ्याबरोबर?" आता साक्षीदार आणू कुठून? ते तर बसमधून गेले.

६. मुख्य दरवाजा पडला तरी चोरदरवाजा पडलेला नाही. म्हणजेच किल्लाही पडलेला नाही, आणि विद्यार्थी चुकीचा निकाल घेऊन घरी गेले आहेत. बाबा सांगतात, सर जाताना म्हणाले, "हरलात ना? मग आधी शोधा, आपण काय विसरलो." ते अजून शोधत असतील. एखाद्या दिवशी त्यांना आठवेल आणि ते परत येतील. तेव्हा आपली सूचना वाचून ते मुख्य दरवाज्यावरूनच माघारी फिरतील, हीच माझी खरी तक्रार आहे.

तरी ती सूचना काढावी आणि चोरदरवाजा अजून राखला जात आहे, असे त्या महाविद्यालयास कार्यालयामार्फत कळवावे. सर्वांना येणे जमत नसेल तर एकटी सेनापती चालेल. तिलाही वेळ नसेल तर कोणीही चालेल, मात्र त्याने तिच्याकडून शब्द विचारून यावे.

तो शब्द मी या अर्जात लिहिलेला नाही. तो कोणीतरी इथवर येऊन माझ्या कानातच सांगायचा आहे.

आपली नम्र आणि अजून न हरलेली,
(सही)
किल्लेदार, चोरदरवाजा
(इयत्ता नववी)

दिनांक : शनिवार, शाळा सुटल्यावर

सोबत : मागच्या बाजूला पाहण्यासारख्या गोष्टींचा हाताने काढलेला नकाशा. लाल खूण केली आहे तिथे मी असते.