चार मिनिटांचं रीळ

३ फेब्रुवारी, मंगळवार
उघडला एकदाचा! बाबा गेल्यापासून वर्षभर कपाटावर पडून होता त्यांचा प्रोजेक्टर. आतला रबरी पट्टा वितळून पार डांबर झालाय. बोटं काळी, टेबलक्लॉथ काळा, चष्म्याच्या काडीलासुद्धा लागलंय. डब्यात एकच रीळ. वर बाबांच्या अक्षरात — ‘धाकटी’, आणि तिच्या जन्माचं साल. चारेक मिनिटांचं असेल.
लगेच धाकट्या बहिणीला फोन करून बसले. तिने एवढंच विचारलं, “आई आहे त्यात?” असेल की, म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे! पंधराला येतेय.

५ फेब्रुवारी
सकाळपासून तीनदा खोलला, तीनदा बंद केला. रेडिओ दुरुस्त करणारे काका फोनवर म्हणाले, “जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. आधी ते सगळं खरवडून काढा. मग शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. आंघोळ नाही घालायची!”
मी अर्थातच घातली. आता पुसत बसलेय.

८ फेब्रुवारी
धाकटी दहा महिन्यांची असताना आई गेली. मी सात वर्षांची. मग आत्या आली राहायला. धाकटीचं सगळं तिनेच केलं — आणि वर ऐकवलंही. “तुझ्या आईला मुलगा हवा होता. तुला जवळसुद्धा घ्यायची नाही.”
मी कधी मध्ये बोलले नाही. काय बोलणार? मला आईची पाठ आठवते, खोकला आठवतो. बाकी कोरं. बाबा तर आईचं नाव निघालं की उठूनच जायचे. धाकटी चौपन्नची झाली तरी आत्याचं ते वाक्य तिला कुरतडतंय.

११ फेब्रुवारी
नवा पट्टा बसला. फिल्म न लावता चालवून पाहिला — घर्रर्र! भिंतीवर पांढरा चौकोन.
रीळ आधी एकटीनेच बघून घ्यावं का? दोनदा हात गेला. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली, घासलेलीच. नाही. तिच्याआधी नाही बघायचं.

१५ फेब्रुवारी, रविवार
वाटोळं झालं.
पडदे ओढले, रीळ लावलं. धाकटी चटईवर पालथी. धाकटी टबात, डोक्यावर फेस. धाकटी रांगतेय, मागे मी, अर्धी वेणी घातलेली. एक मिनिट, दोन, तीन — आई नाहीच!
“ताई, तिचा हातसुद्धा दिसत नाही गं,” धाकटी म्हणाली.
तेवढ्यात फिल्म अडकली. दिव्याच्या उष्णतेने चित्राच्या मधोमध तपकिरी डाग, बुडबुडा, भोक! मी धावत जाऊन बटण बंद केलं. “थांब, जोडते, पाचच मिनिटं —”
“राहू दे. आत्या खरंच सांगत होती.”
चहा तसाच टाकून गेली.

१६ फेब्रुवारी
फिल्म सरकते त्या खाचेत जुन्या ग्रीसचा कण राहिला होता. कणीएवढा! माझाच हलगर्जीपणा. स्पिरिटच्या बोळ्याने काढला. जळलेला तुकडा कापून रेडिओवाल्या काकांकडून आणलेल्या चिकटपट्टीने जोड दिला. उरलेलं लावायचा धीर होत नाही. घरभर नुसत्या येरझाऱ्या.

१७ फेब्रुवारी
लावलं. अर्ध्या मिनिटाचं उरलं होतं.
बाबा आत येतात, रांगणारी धाकटी आणि तिच्यामागची मी, आमच्या शेजारी बसतात. हसत कॅमेऱ्यापुढे हात करतात — दे ना आता, माझी पाळी! कॅमेरा झटकन मागे सरतो. हसताना अंग हलतं तसा हलतो. आणि पुन्हा धाकटीवर जाऊन थांबतो, अगदी जवळ.
घरात तेव्हा आम्ही चौघंच होतो. बाबा समोर, मी समोर.
धाकटीला फोन करून सांगितलं. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “ताई, मशीन आवरू नकोस. निघालेय मी.”