बेडकाचे गळ

४ ऑगस्ट, सोमवार

आज पण खाल्लं न्हाई. पेजेचा चमचा ओठाला लागला की अण्णांचं तोंड बंद! लकव्यानं उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, पण हट्ट जागच्या जागी. अंबाजोगाईचे डॉक्टर फोनवर म्हणाले, रविवारपर्यंत बघा, न्हाईतर घेऊन या, नाकातून परत नळी घालू. परत! मागच्या वेळी अण्णांनी ती उपसली म्हणून त्यांचा चांगला हात पलंगाला बांधला होता.

संध्याकाळी डाव्या हातानं कपाटावर दाखवत होते. डबा पायजे होता — त्यांच्या रबरी बेडकांचा. चौसाळ्याच्या तळ्यात मरळ धरायला जन्मभर हेच वापरले. मला केवढा आनंद झाला! मरळ खाऊ वाटली म्हणायची.

५ ऑगस्ट

धाकटा भाऊ पवन सकाळी तळ्यावर गेलता. बेडूक शेवाळात अडकला, हात हलवत आला. अण्णांपुढं डबा धरला. त्यांनी हिरवा उचलला आन् त्याच्या गळांवर बोट आपटत राहिले. गळ अडकतात म्हणत असतील, असं वाटलं. पक्कडीनं टोकं बेडकाच्या अंगाला चिकटतील अशी वाकवली. दाखवला तर फेकूनच दिला.

६ ऑगस्ट

बेडकाचा एक पाय अर्धा कापला, म्हणजे पाण्यात तिरका तिरका जातो. अण्णाच करायचे असं. पोटात शिसं भरलं. नेलपॉलिशनं डोळे रंगवले, पवनची बायको वनिता लई हसली. शेवटी गळाला कानस मारून धार काढली, बोट फोडून घेतलं. अण्णांनी ते बघितलं आन् रडायलाच लागले.

कावून रडता? काय पायजे? मला काय कळंना. ओरडले त्यांच्यावर.

७ ऑगस्ट

दोन घोट पाणी. बास.

८ ऑगस्ट

पवननं मरळ आणली! माझ्याच बेडकावर! रस्सा केला, काटे काढले, गार केला. अण्णांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

पवन म्हणाला, "ताई, उपाशी मारायचं का त्यांना? रविवारची गाडी सांगितली हाय मी."

मी रस्सा झाकून ठेवला.

९ ऑगस्ट

दुपारी अण्णांनी तोच बेडूक मागितला. हातात दिला. त्यांनी गळाचं टोक हळूच आपल्या नाकपुडीला लावलं. नळीची जखम तिथं अजून भरली न्हाई. माझ्याकडं बघितलं आन् मान हलवली. न्हाई. न्हाई.

त्यांना मरळ नकोच होती! नाकात परत नळी नको, पहिल्या दिवसापासून एवढंच सांगत होते, आन् मी गळाला धार लावत बसले.

पक्कडीनं दोन्ही गळ काढून टाकले. नुसतं रबर राहिलं. ते मुठीत धरून अण्णा झोपले.

१० ऑगस्ट, रविवार

गाडी आलती. परत पाठवली. पवन माझ्याशी बोलत न्हाई.

आज चमचा पुढं केला न्हाई. नुसती जवळ बसले.