गाळलेल्या वीस ओळी

४ फेब्रुवारी
नवं काम आलं! दोनशे वर्षांपूर्वीची भयकादंबरी. डोंगरावरचा मठ, खाली तळघरं, आणि देवाच्या नावावर माणसांचे हाल करणारा मठाधिपती. अनुवादक बाईंनी फोनवर विचारलं, "वडलांना चालेल ना हे?" प्रश्न रास्त आहे. अप्पा म्हणजे दोन वेळची प्रार्थना तापातही न चुकवणारे, दूधवाल्यालाही नीतीचे धडे देणारे. पण बाईंच्या अनुवादाची मूळ प्रत मोठ्यानं वाचणारा त्यांच्यासारखा दुसरा मिळायचा नाही. विरामचिन्हांसकट वाचतात. ते मूळ प्रत वाचतात, मी छापील मुद्रितावर बोट फिरवत चुका शोधते. आठ वर्षं दोघांचं हेच चाललंय आणि मजेत चाललंय.

६ फेब्रुवारी
अप्पा रंगलेत. "हा मनुष्य लबाड आहे, पूर्णविराम." मी ओळ शोधतेय, सापडेना. शेरा त्यांचाच होता! मग चहा मागितला तोही "साखर बेताची, स्वल्पविराम, कप मोठा." हसण्याच्या नादात माझ्या दोन वेलांट्या निसटल्या.

७ फेब्रुवारी
नऊच पानं. अप्पांना सर्दी.

९ फेब्रुवारी
आज मठाधिपतीने एका मुलीला तळघरात कोंडलं — मर्जीबाहेर लग्न केलं म्हणून. वाचता वाचता अप्पांचा आवाज बसला. म्हणाले, "सर्दी."

मला ताई आठवली. तिनंही परधर्मात लग्न केलं, अप्पांनी घराचं दार बंद केलं. अठरा वर्षं झाली. मी तेव्हा चौदाची. खरं सांगू? मला राग अप्पांचा नाही, तिचा येतो. बाप चिडला तर चिडला. एकदा तरी येऊन दार वाजवायचं! आई तिची वाट बघत बघत गेली. मावशीनं दिलेला ताईचा नंबर माझ्याकडे पडून आहे. लावलेला नाही. लावणारही नाही.

११ फेब्रुवारी
मुद्रितात वीस ओळी जास्त निघाल्या. अप्पा एका परिच्छेदावरून थेट पुढच्यावर गेले.
"अप्पा, मधलं?"
"मुळात नाही."
आठ वर्षांत त्यांची एक मात्रा चुकलेली नाही. अक्षरजुळणीवाल्यानं जुन्या खर्ड्यातलं काहीतरी घुसवलं असणार, ती त्याची खोडच आहे. मी लाल शाईनं वीसही ओळींवर काट मारली. वाचल्याही नाहीत. काढायचं ते वाचत बसलं तर काम कधी उरकणार?

१४ फेब्रुवारी
बाईंचा फोन. "अगं, माझी घंटा कुठे गेली?"
धावत जाऊन मूळ प्रत काढली. वीसच्या वीस ओळी तिथे! कोंडलेली मुलगी दार बडवते. तिची हाक कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मठाधिपती घंटा बडवायला लावतो. आणि स्वतः गुडघे टेकून देवाचे आभार मानतो.

बाई भल्या, हसण्यावारी नेलं. परवा छापायला जाणार होतं. मी मात्र अप्पांवर तडकले. "पापाचं वर्णन वाचवत नाही तर तसं सांगायचं ना. माझ्याशी खोटं कशाला?"
मग म्हणाले, "वाचवेना गं मला."
एवढासा चेहरा झाला होता. मलाच वाईट वाटलं. नाकात घालायचे थेंब आणून दिले, विषय संपवला.

१५ फेब्रुवारी
विषय संपला नव्हता. सकाळी अप्पांनी आपणहून ते पान काढलं. "बोट ठेव," म्हणाले. वीस ओळी वाचल्या, एकही चिन्ह न गाळता. मग चष्मा काढून सांगितलं.

लग्नानंतर तीन महिन्यांनी ताई आली होती. दुपारची. दार वाजवत होती. आई आणि मी स्वयंपाकघरात. तिची हाक आमच्या कानावर जाऊ नये म्हणून अप्पांनी प्रार्थना सुरू केली. मोठ्यानं. ती निघून जाईपर्यंत.

मला ती दुपार आठवते. आई म्हणाली होती, "आज किती मनापासून म्हणतायत बघ." आणि आम्ही दोघींनी हात जोडले होते.

राग आला. फार आला. आणि खुर्चीत ते इतके लहान दिसत होते, की खांद्यावरून घसरलेली त्यांची शालही मीच नीट केली. माझा जीव आहे त्यांच्यावर, त्याला काय करू?
"तिचा नंबर आहे का?" त्यांनी विचारलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

१६ फेब्रुवारी
नंबर लावला. अप्पा समोरच बसले होते. ताईनं आवाज लगेच ओळखला. मी म्हटलं, "ताई, तू आली होतीस, अप्पांनी दार उघडलं नाही. मला काल कळलं गं."
ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कुठल्या खेपेचं म्हणतेस?"