‘अ’ नसलेलं वाक्य

रविवार, ९ मार्च

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी मजेत. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरला नाही तरच काळजी करावी. तुझा खोकला थांबला का? फोनवर तू नुसतं ‘हो हो’ म्हणतेस, म्हणून पत्रात विचारते.

तू हट्टाने मला इंग्रजीच्या क्लासला घातलंस ते बरं झालं. मागे आमच्या दातांच्या दवाखान्यात एका परदेशी पेशंटला ‘एक दात काढायचाय’ सांगताना मी ‘द टीथ’ म्हणाले. सगळे दात जाणार या धास्तीने बिचारा तोंडावर हात धरून पार दारापर्यंत पोचला! डॉक्टरीणबाई अजून माझी फिरकी घेतात.

आता वर्गात ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ चाललंय. मोजता येणारी एक वस्तू असेल तर ‘अ’, मोजता येत नाही तिला ‘अ’ नाही. आणि ब्रेड म्हणे मोजता येत नाही! आमच्यात एक बेकरीवाले आहेत, साठीच्या आसपासचे. ते म्हणाले, “बाई, मग मी रोज सकाळी मोजतो काय?”

“लोफ मोजता, काका. ब्रेड नाही.”

“बरं झालं सांगितलंत. गिऱ्हाइकांना अजून पत्ता नाही.”

वर्ग हसून हसून बेजार.

तुझ्या खोलीच्या पडद्यांना कापड आणलंय. निळं. अजून शिवलं नाही.

बेकरीवाल्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. क्लास सुटला की आम्ही कोपऱ्यापर्यंत एकत्र येतो. कधी बोलतो, कधी नाही.

गुरुवारी बाईंनी ‘मला काय हवंय’ यावर प्रत्येकाला वाक्य करायला सांगितलं. मी ‘अ‍ॅन’ लावून छत्री मागितली. बेकरीवाले म्हणाले, ‘आय नीड अ कंपनी.’

“काका, कारखाना काढताय?” मागून कुणीतरी ओरडलं.

बाई म्हणाल्या, “‘अ’ काढा. मग अर्थ होतो, मला सोबत हवी.”

ते खाली बसले नाहीत. बाकाकडे बघत, ‘अ’ काढून, वाक्य पुन्हा म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

जिन्यात त्यांनी मला विचारलं, “वाक्य बरोबर होतं ना?”

“व्याकरण बरोबर होतं.”

“आणि बाकीचं?”

मी तडक घरी आले. चिमणे, गेल्या वर्षी मावशीने माझ्या दुसऱ्या लग्नाचा नुसता विषय काढला तर तू भरल्या ताटावरून उठलीस. तेच डोळ्यांसमोर येत होतं. बाबांची जागा कुणाची नाही. यांनी ती मागितलीही नाही. पण तुला कधी बोलले नाही ते आज सांगते. संध्याकाळी कुलूप काढून आत आले की मी दिवसभरातलं सगळं मोठ्याने सांगते. रिकाम्या घराला.

काल बेकरीत जाऊन ‘हो’ म्हणून आले. समोर गिऱ्हाईक होतं. त्यांनी आधी त्याची बिस्किटं नीट बांधून दिली, तो गेल्यावर स्टुलावर बसले आणि डोळे पुसले. सगळं पीठ कपाळाला.

तुझी परवानगी मागत नाहीये, बाळा. तू यावंस एवढंच मागतेय. राग आला असेल तर रागावूनच ये. आधी जेव, मग पोटभर भांड. मी ऐकून घेईन.

कुणाचीही झाले तरी तुझीच,
आई